आजचं चित्र आपल्या तालुक्यांत

शहापूर आणि मुरबाडच्या शाळांतले कलाशिक्षक आणि कसाऱ्यापासून टोकावड्यापर्यंतच्या गावापाड्यांतून वह्या काखेत मारून आलेले तरुण चित्रकार आज या संमेलनाला जमले आहेत.

आपल्याकडचा मुलगा चित्रं काढतो असं कळलं, की बाहेरून आलेला पाहुणा हमखास विचारतो, 'वारली येते का?' हा प्रश्न मला बोचतो. वारली चित्रांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच बोचतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आठवा. वारल्यांत लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणं हे सुवासिनींचं काम. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूजवळच्या गंजाडला आले, त्यांनी कागद पुढे केला, आणि मशे लग्नकार्य नसतानाही, रोज, मनात येईल ते काढू लागले. मासेमारीचं जाळं त्यांनी असं काढलं, की अख्खा कागद त्या बारीक रेघांनी भरून गेला. पॅरिसच्या १९८९ च्या प्रदर्शनात ते जगभरच्या समकालीन कलावंतांबरोबर होते. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. मशे त्यांच्या काळातले नवे चित्रकार होते. त्यांचा तारपा नाच जसाच्या तसा उतरवून चहाच्या कपांवर रंगवला, की त्यांचा वारसा चालवला असं मी मानत नाही.

मग आज नवं काय चाललंय? आपल्या भातगिरण्यांत पोत्यांवर छाप मारायला पत्रा कापून साचा करतात. रस्त्यावरची स्टेन्सिल कला याच जातीची. जुनी एक्स-रे फिल्म घ्यायची, ब्लेडने आकार कापायचा, भिंतीला लावून स्प्रे मारायचा. देवनागरीत कापताना खरी कसोटी लागते: 'व' किंवा 'ब'च्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून एक बारीक पट्टी जोडलेली ठेवावी लागते, आणि त्या पट्टीमुळे अक्षराला वेगळंच रूप येतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो आपल्या शहापुरातून जातो. केवढं काँक्रीट, केवढ्या कोऱ्या भिंती उभ्या राहिल्या! भिंती गावातही आहेत, आणि त्यांच्यावर घोषणा आणि जाहिराती लिहायला कुणी ना कुणी पुढे येतोच. परवानगी घेऊन त्यातल्या काही भिंती स्टेन्सिल कापणाऱ्या आपल्या मुलांना द्याव्यात, अशी इथे बसलेल्या सरपंचांना माझी विनंती आहे. भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, यावर चित्र काढायचा पहिला हक्क इथल्या मुलांचा आहे.

वहीबद्दल मला जास्त बोलायचंय. चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षं डायऱ्यांत रेखाटनं करत, शेजारी विचार लिहीत. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं १९९० चं पुस्तक त्या सवयीतूनच आलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांनी आपल्या मुलांचा हात तयार केला, त्याबद्दल कलाशिक्षकांचे उपकार आहेत. पण परीक्षेच्या कागदाला गुण पडतात, वहीला पडत नाहीत. त्यामुळे म्हसाच्या जत्रेतला बैल, आसनगावच्या फलाटावर पेंगणारी माणसं, अर्धवट सोडलेला हात, खाडाखोड, सगळं तिथे बिनधास्त येतं. सर, बाई, महिन्यातून एक तास तरी या वह्यांसाठी ठेवा.

डिजिटल चित्रकलेला अजून काही ज्येष्ठ नाकं मुरडतात. महागडे रंग न परवडणारं पोर घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर बोटाने रंगवतं, एका थरावर दुसरा थर चढवतं, नको तो पुसतं. रेघ कुठे थांबवायची हे तिथेही त्यालाच ठरवावं लागतं.

शेजारच्या दालनात सगळ्यांच्या वह्या टेबलांवर उघड्या मांडल्या आहेत, मोबाइलवरची चित्रं पडद्यावर दिसतील. पाहुण्यांनी पानं उलटावीत आणि ज्याची वही त्याच्याशी बोलावं. मुलं तिथेच उभी आहेत. आता संमेलनाध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.