अभ्यासाचा जमाखर्च



पोर्तुगीज अमदानीत पेडणे, डिचोली या महालांत मराठी शिक्षण प्रामुख्याने लोकांनी पदरमोड करून चालविलेल्या शाळांनी जगविले. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या. शिकण्याची सोय झाली. परंतु आपण काय शिकलो हे स्वतः पारखण्याची सवय विद्यार्थ्याला लागली नाही. ते काम त्याने परीक्षकावर सोपविले. गुणपत्रिका त्याचे गुण सांगते. उणीव नेमकी कोठे आहे, ते सांगत नाही.

स्वतःची उणीव स्वतःला सहसा दिसत नाही, ही यातील खरी अडचण. अमेरिकेतील रॉडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो वाचून बाजूस ठेवला आणि आठवेल तसा लिहून काढला. आत्मविश्वास वाचणाऱ्यांचा अधिक होता. आठवड्यानंतर स्मरण मात्र लिहिणाऱ्यांचे सरस ठरले. मार्गदर्शिका घोकणाऱ्या आपल्या मुलांची फसगत होते ती अशीच.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक साधी वही ठेवावयास सांगतो. डाव्या पानावर, पुस्तक मिटून, जे आठवले ते. उजव्या पानावर जे अडले ते, तारखेसह. महिन्याने मागची पाने उघडावीत आणि तेव्हाचे अडलेले आज सुटले काय, यावर दोन ओळी लिहाव्यात. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला आपले अडते ते विषयात की ग्रांथिक मराठीत, याचा उलगडा या वहीत होतो. दोहोंचे उपाय निराळे आहेत. शिक्षकाने वही वाचावी, पण तिला गुण देऊ नयेत. गुण आले की मुले अडलेले लपवू लागतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाला स्थान दिले आहे. मात्र वर्षअखेर घाईने भरलेल्या रकान्याने हे साधणार नाही. त्यामागे वर्षभराची नोंद हवी.

पुस्तक केव्हा नेले आणि केव्हा परत आले, हे ग्रंथालयाची नोंदवही सांगते. मधल्या दिवसांत पदरी काय पडले, हे वाचकानेच लिहावयाचे असते. शताब्दीनिमित्त प्रत्येक विद्यार्थी-सभासदाला एक कोरी वही द्यावी, आणि महिन्यातील एक सायंकाळ त्या वह्या एकत्र बसून वाचण्यासाठी राखावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.