चार सेकंदांची साधना

(राष्ट्रीय क्रीडा दिनानिमित्त पालक व तरुण कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नेमबाजी म्हटले की आपल्याला अर्जुन आठवतो. पोपटाचा फक्त डोळा पाहणारा अर्जुन. परंतु आज ज्या प्रकाराविषयी मी बोलणार आहे, त्यात एक नव्हे, तर पाच डोळे वेधायचे असतात आणि तेही डोळ्याचे पाते लवावे इतक्या वेळात. या प्रकाराचे नाव रॅपिड फायर पिस्तूल.

२५ मीटरवर शेजारी शेजारी पाच लक्ष्ये असतात. नेमबाज एका हातात पिस्तूल धरून, हात ४५ अंशांत खाली रोखून उभा राहतो. लाल दिवा लागतो, तीन सेकंदांनी हिरवा होतो आणि हात वर जातो. प्रत्येक लक्ष्यावर एक, अशा पाच गोळ्या झाडायच्या. प्रथम आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत. अशा एकूण ६० गोळ्या, कमाल गुण ६००. वेळ संपल्यावर सुटलेल्या गोळीला शून्य. पहिली गोळी चुकली म्हणून हळहळायलाही येथे सवड नाही, कारण तोवर दुसरे लक्ष्य हुकलेले असते. चुकीचे ओझे न वाहता पुढचे कर्तव्य करणे, हाच या खेळाचा गाभा आहे.

या खेळात भारताच्या मानाची तारीख आहे ३ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिंपिक, वूलिच येथील रॉयल आर्टिलरी बॅरक्स. हिमाचल प्रदेशाच्या हमीरपूर जिल्ह्यातील बडसर गावचा, डोग्रा रेजिमेंटचा सुभेदार विजय कुमार अंतिम फेरीस उभा राहिला. वय २६. लंडनला जाण्यापूर्वी वृत्तपत्रांत चर्चा होती ती अभिनव बिंद्रा आणि गगन नारंग यांची. वास्तविक विजय कुमारने २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत दोन आणि २०१० च्या दिल्ली स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळविली होती. पण महू येथील लष्कराच्या नेमबाजी केंद्रात रशियन प्रशिक्षक पावेल स्मिर्नोव यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे घाम गाळणारा हा जवान आम्हां पत्रकारांच्या लेखणीला फारसा दिसला नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे.

पात्रता फेरीत ५८५ गुण मिळवून तो चौथा आला. पहिला होता रशियाचा अलेक्सेई क्लिमोव. त्याने ५९२ गुणांचा विश्वविक्रमच केला होता. मात्र अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते. सहा नेमबाज, चार सेकंदांच्या पाच-पाच गोळ्यांच्या आठ फेऱ्या. प्रत्येक गोळी एकतर लागली, नाहीतर चुकली. अधलेमधले काही नाही. चौथ्या फेरीपासून सर्वांत मागे असणारा बाहेर पडतो. विक्रमवीर क्लिमोव चौथा येऊन रिकाम्या हाताने परतला. चीनचा डिंग फेंग तिसरा. क्युबाच्या लेउरिस पुपोने ४० पैकी ३४ वेध घेऊन सुवर्ण जिंकले आणि ३० वेध घेणाऱ्या विजय कुमारच्या गळ्यात रौप्यपदक पडले. पुढे त्याला सुभेदार मेजरपदी बढती मिळाली, खेलरत्न आणि पद्मश्रीही मिळाली.

ज्या लंडनमध्ये हे घडले, तेथेच ६४ वर्षांपूर्वी याच प्रकारात एक अद्भुत घडले होते. कारोली टाकाच हा हंगेरीच्या सैन्यातील सार्जंट. पिस्तुलात निष्णात. पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याला संघात घेतले नाही. कारण? तो अधिकारी नव्हता. संघात केवळ अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. ती बंदी पुढे उठली, आणि १९३८ मध्ये सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. ज्या हाताने सारे कमावले, तोच गेला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव आरंभला आणि १९३९ मध्ये तो राष्ट्रीय विजेता झाला. मग महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो लंडनला आला आणि ५८० गुणांचा विश्वविक्रम करून त्याने सुवर्ण जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकाशी अंतर होते एका गुणाचे!

मित्रहो, या दोन कथा मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. एका देशाने सार्जंट म्हणून एका गुणवंताची बारा वर्षांची वाट लांबविली. दुसऱ्या देशाच्या सुभेदाराने भल्याभल्यांना मागे टाकले. गोळीला हुद्दा कळत नाही, घराणे कळत नाही, गाव कळत नाही. तिला फक्त हात स्थिर आहे की नाही, एवढेच कळते. गुण कोठे दडले आहेत हे शोधणे मात्र समाजाचे काम आहे. बडसरसारख्या गावातील मुलाला सैन्याने हेरले, शिकविले, पिस्तूल आणि गोळ्या दिल्या. सैन्यात न जाणाऱ्या मुलाला हे कोण देणार?

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत हरियाणाच्या अनीश भानवालाने याच प्रकारात सुवर्ण मिळविले, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र तो आणि विजयवीर सिद्धू, दोघेही अंतिम फेरी गाठू शकले नाहीत. विजय कुमारनंतर पॅरिसपर्यंत या प्रकारात आपल्याला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. म्हणून काय या मुलांना विसरायचे? पदक आले की मिरवणूक आणि हुकले की मौन, ही आपली सवय खेळाडूला गोळी चुकण्यापेक्षा अधिक जखमी करते.

येथे बसलेल्या पालकांना माझी विनंती एवढीच आहे. मुलाचे गुण विचारण्याआधी, आज सराव झाला का, हे विचारा. त्याने एक नेम चुकविला तर पुढच्या नेमासाठी त्याच्या पाठीशी उभे राहा. चार सेकंदांचे यश जग पाहते; त्यामागची वर्षे फक्त घर पाहू शकते.