बिऱ्हाड हलवताना
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण यजमानांच्या नोकरीपायी मुरुड, श्रीवर्धन, रोहा, रेवदंडा आणि आता अलिबाग अशी पाच बिऱ्हाडे केली. तेव्हा सामानासाठी भरवशाचा टेंपोवाला कसा पाहावा, एवढेच सांगते.

रोह्याहून रेवदंड्याला येताना साळावच्या पुलाअलीकडे टेंपोवाल्याने गाडी उभी केली आणि ठरल्यापेक्षा हजार रुपये जास्त मागितले. सगळा संसार गाडीत, आभाळ भरून आलेले. पैसे मोजावे लागले. सामान चढेपर्यंत शब्द आपला असतो, चढल्यावर त्याचा. म्हणून सगळे बोलणे आधी व्हावे.

भाडे किती, हमाली त्यातच की वेगळी, टोल कोणाचा, कितव्या मजल्यावर चढवायचे, दोर-ताडपत्री कोण आणणार, हे विचारून मोबाईलवर लिहून पाठवावे आणि त्याचे ‘हो’ घ्यावे. आगाऊ थोडेच द्यावे. बाकीचे सामान उतरल्यावर लगेच.

गाडीची पाटी पाहावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली की गाडी भाड्याची. पाटी पांढरी असेल तर ती खाजगी. तिने भाडे मारता येत नाही. २००५ साली आलेला टाटांचा ‘छोटा हत्ती’ आपल्या पाखाडीतही शिरतो, पण तो सुमारे पाऊण टनाचा. दोन खोल्यांचे सामान त्यात मावेल का, हे त्याला घरी बोलावून दाखवावे. आणि काल गाडीत काय भरले होते, तेही विचारावे. मासळीची गाडी नीट धुतलेली नसली तर गाद्यांचा वास लवकर जात नाही!

आता आपली बाजू. एक कपाट, एक पलंग सांगायचे आणि ऐनवेळी पाटा-वरवंटा, तुळशीवृंदावन नि पंधरा कुंड्या पुढे करायच्या, मग तो चिडला तर दोष कोणाचा? सामान खरे सांगावे, चहापाणी विचारावे, दुपारची वेळ असेल तर दोन घास वाढावेत. चांगला माणूस अशानेच पुन्हा येतो.

दागिने, कागदपत्रे आणि देव आपल्याजवळ ठेवावेत. फ्रीज उभाच न्यावा. मुलांना मागे सामानावर बसवू नये. कायद्याने मनाई आहे आणि जिवालाही धोका आहे.

शेवटी एक सूचना. मंडळाने एक वही ठेवावी. जिचे बिऱ्हाड नीट पोचले, तिने त्या टेंपोवाल्याचे नाव, त्याला विचारून त्याचा नंबर आणि दिलेले भाडे त्यात लिहावे. एकटीदुकटी बाई बिऱ्हाड हलवताना परक्याच्या शब्दावर सगळा संसार गाडीत घालते. तिच्या पाठीशी निदान आपल्या वहीचा आधार राहील.