पुस्तक, पाय आणि प्रभाग
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की आपणा बडोदेकर मराठी मंडळींची मान ताठ होते. व्हावीच! पण महाराजांनी नेमके केले काय, तेही आठवू या. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा सुटल्यावर वाचायला काहीच नसेल तर शिकलेले अक्षरही पुसले जाते. म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. लोकांना वाचता यावे, ही राज्याची जबाबदारी मानली गेली.

आज पेटीची जागा खिशातल्या मोबाईलने घेतली आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी मोबाईलवरचा एक खरा निरोप जीव वाचवतो आणि एक खोटा निरोप गल्लीची गल्ली घाबरवतो. म्हणून आपण एक नियम पाळू या: तारीख, ठिकाण आणि मूळ सांगणारा माहीत नसेल, तर निरोप पुढे पाठवायचा नाही. वाचनाची खरी परीक्षा इथेच होते.

आता पायांविषयी. आपल्यापैकी कितीतरी जण पहाटे कमाटीबागेत धावतात, चालतात. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते. धावा, जरूर धावा! पण वाटेत तुंबलेले गटार दिसते, नाल्याकाठी टाकलेला राडारोडा दिसतो, तिकडेही पाहा. पावागडाकडून येणाऱ्या नदीला शहरात पसरायला जागा उरली नाही, की ती आपल्या अंगणात येते. जानेवारीत नाल्यात पडलेली माती पावसाळ्यात पाणी अडवते. धावणाऱ्याला ती आधी दिसते, म्हणून पहिली तक्रार त्याने करावी. फोटो काढा, जागा व तारीख लिहा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तिसरी गोष्ट मतदार यादी. २०२२ पासून नावनोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत. मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली, की नमुना ६ भरा. घर बदलले असेल तर नमुना ८.

कोणी विचारील, यात मराठीचे काय? घटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. ती सोय मागायला आपण जाऊ, तेव्हा समोरचा विचारणारच, "तुम्ही या शहरासाठी काय करता?" शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या दारातले पाणी हटवण्यासाठी आपण उभे राहिलो असू, तर उत्तर द्यायला भाषण लागणार नाही.

तेव्हा या महिन्यात प्रत्येक घराने एक पुस्तक वाचावे, एक तक्रार तडीस न्यावी आणि यादीतले आपले नाव तपासावे. पुढच्या बैठकीत हिशेब मांडू.

जय हिंद!