साठवण आणि साठेबाजी

सुगीनंतर मावळातील भात कणगीत भरून ठेवणे ही साठवण. ती दूरदृष्टी होय. संकटकाळी तेच धान्य दडवून भाव चढविणे ही साठेबाजी. भाव वाढला की बाहेरून माल येतो, हे अर्थशास्त्र आम्हांस मान्य आहे. परंतु बोरघाटात दरड कोसळून वाट बंद झाली असता चढा भाव कोठून माल आणणार? तेथे अडलेला केवळ नाडला जातो. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा. त्यात मुखपट्ट्या व सॅनिटायझर मात्र १३ मार्च २०२० रोजी, साथ दारी आल्यावर आले. कायदा मागाहून येतो. शेजारधर्म आधी हवा. म्हणून लोणावळ्यातील आपल्या दुकानदार बांधवांनी संकटात आदल्या दिवशीचाच भाव ठेवावा आणि गिऱ्हाइकांनीही गरजेपुरतेच न्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.