हजेरी



ऑगस्ट २००० मध्ये रशियाची ‘कुर्स्क’ पाणबुडी स्फोटांनंतर बॅरेंट्स समुद्राच्या तळाशी गेली. ११८ जणांपैकी २३ जण मागच्या, नवव्या कप्प्यात जमले. दिमित्री कोलेस्निकोव्ह या २७ वर्षांच्या अधिकाऱ्याने त्या सगळ्यांची नावे कागदावर लिहिली. पुढचा मजकूर अंधारात चाचपडत लिहिला. कुणीही वाचले नाही. चिठ्ठी मात्र त्याच्याजवळ सापडली, म्हणून ती २३ माणसे जगाला नावानिशी कळली.

आपल्या बाई हजेरी घेताना गैरहजर मुलांचीही नावे पुकारत. संगणकावर आपल्या बॅचची यादी करताना दिवंगत तिघांची नावे गाळावीत, असे कुणी सुचवले. मी ती ठेवली आहेत. आता ती पुकारते. कृपया सर्वांनी उभे राहावे.