हिरवा बार आणि बाबांचा प्लॉट

इअरफोन नीट लावा, कारण आज थोडं गणित आहे. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पुढं जाणार नाही.

शहर बांधायच्या गेममध्ये एक प्रश्न सगळ्यांना पडतो. हिरवा बार वर जातो, म्हणजे लोकांना घरं पाहिजेत. आपण घरांसाठी जमीन देतो. थोड्या वेळानं बार खाली येतो, अर्धे प्लॉट रिकामे राहतात आणि लोकसंख्या तिथंच अडकते. असं का होतं? मलाही कॉलेजात असताना हा प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर मात्र मला यंदा दिवाळीत गावी गेल्यावर नीट कळलं.

गाव म्हणजे केळापूर, जिल्हा यवतमाळ. जगदंबेचं केळापूर. तालुक्याला नाव आमच्या गावाचं, पण तहसील, बाजार, बसस्टँड सगळं पांढरकवड्यात. नागपूर-हैदराबाद हायवे शेजारूनच जातो. बीटेक झालो आणि त्याच हायवेनं बाहेर पडलो. आता पुण्यात कोड लिहितो.

आधी गेमचं बोलू. विल राइट नावाच्या माणसानं 1980 च्या दशकात हेलिकॉप्टरनं बॉम्ब टाकायचा एक गेम केला होता. तो करताना त्याच्या लक्षात आलं की बॉम्ब टाकण्यापेक्षा ती बेटं, ते रस्ते बांधायलाच जास्त मजा येते. त्यातून 1989 मध्ये सिमसिटी आला. त्यात तीन बार होते: घरांचा हिरवा, दुकानांचा निळा, कारखान्यांचा पिवळा. सिटीज: स्कायलाइन्स घ्या किंवा तुमच्या मोबाइलवरचा थिओटाउन घ्या, मूळ कल्पना तीच आहे.

2008 मध्ये या सिमसिटीचा कोड मायक्रोपोलिस या नावानं सगळ्यांसाठी खुला झाला. मी तो उघडून वाचलाय. त्यात एक फंक्शन आहे, ‘सेट व्हॉल्व्ह्ज’. व्हॉल्व्ह म्हणजे नळाची तोटी. किती सोडायची, किती बंद करायची, ते इथं ठरतं. आपल्याला जो बार दिसतो, तो या तोटीचा काटा.

आता हिशोब. बारीक तपशील सोडून देतो. समजा गावात 100 माणसं आहेत आणि कामं 120. गेम कामाला माणसानं भागतो. उत्तर आलं 1.2, म्हणजे एकापेक्षा जास्त. मग बाहेरून 20 माणसं येतात. जन्मदर 2 टक्के धरलाय, म्हणून आणखी 2. पुढच्या फेरीचा अंदाज 122. हिरवा बार वर.

आता उलटं करा. माणसं 100, कामं 80. वीस माणसं गाव सोडणार. जन्म तेवढेच, 2. अंदाज आला 82. हिरवा बार खाली. आता तुम्ही कितीही जमीन हिरवी करा, त्या हिशोबात ‘रिकामे प्लॉट’ असा आकडाच नाही. त्यात फक्त काम आहे.

दुकानांचं वेगळं. माणसं, दुकानं, कारखाने सगळे मिळून जी बेरीज येते, तिला 3.7 नं भागून शहरातला बाजार काढलाय. म्हणजे दुकान शहराच्या मागं मागं चालतं, पुढं नाही. कारखाना मात्र बाहेरच्या बाजारावर जगतो, म्हणून सुरुवातीला पैसा तोच आणतो. आणि तरीही शहर एखाद्या आकड्यावर अडकलं, तर जुन्या सिमसिटीत अजून एक गंमत आहे. एका मर्यादेनंतर लोक स्टेडियम मागतात, दुकानं विमानतळ मागतात, कारखाने बंदर मागतात. दिलं नाही तर तोटी बंद.

म्हणून खेळताना माझा नियम साधा आहे. बार म्हणजे भूक. भूक लागली म्हणून कोणी आठवड्याचा स्वयंपाक एकदम ताटात वाढत नाही. दोन-चार ब्लॉक द्या, भरू द्या, रस्ता आणि पाणी बघा, मग पुढचे द्या.

स्कायलाइन्समध्ये घाई केली तर वेगळीच शिक्षा मिळते. सगळी घरं एकदम दिली की एकाच वयाची माणसं एकदम राहायला येतात. ती एकदम म्हातारी होतात आणि एकदम मरतात. गावभर कवट्यांची चिन्हं, शववाहिका ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या, घरं ओस. खेळणारे याला मृत्यूची लाट म्हणतात. स्मशानं वाढवून ती आटोक्यात येत नाही. घरं टप्प्याटप्प्यानं दिली तरच येते.

आणखी एक. शाळा-कॉलेजं जास्त झाली की शिकलेली माणसं साध्या कारखान्यात जायला नाखूश असतात. कारखान्यावर ‘कामगार नाहीत’ असं चिन्ह येतं, आणि त्याच वेळी गावात बेकार माणसं असतात. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर लक्षात आलं, हा तर मीच. आमच्याकडं जिनिंग आहे, कापसाच्या हंगामात दणक्यात चालतं. पण त्याला बीटेकवाला कशाला पाहिजे?

आता म्हणाल, हे सगळं गेमपुरतं. तर चला नवी मुंबईला.

1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडं लांबतच चालली आहे, तर खाडीपलीकडं पूर्वेला दुसरं शहर बांधा. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. 95 गावांची जमीन, 344 चौरस किलोमीटर. गेममध्ये एवढा मोकळा नकाशा मिळाला तर आपण नाचू.

पण या तिघांचा भर घरांवर नव्हता, कामावर होता. त्यांचं म्हणणं असं की सरकारी कचेऱ्या तिकडं हलवा, मग माणसं आपोआप येतील. झालं काय? मंत्रालय जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून ऑफिसांचे टॉवर उभे राहत गेले. म्हणजे घरांना जागा एका नकाशावर आणि निळा बार दुसऱ्याच नकाशावर. वाशीला घरं झाली, बेलापूरला व्यापारी केंद्र आखलं गेलं, पण शहर कित्येक वर्षं रेंगाळलं.

मग भरलं कसं? ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने होतेच. 1980 आणि 90 च्या दशकांत मुंबईतले घाऊक बाजार एकेक करून वाशीला आले: कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळं. 1992 मध्ये खाडीवरून लोकल वाशीला पोचली. नंतर ऑफिसं आली, आयटी आलं. 2011 च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या 11 लाखांवर होती. तोटी उघडायला वीसेक वर्षं लागली, आणि ती उघडली हमालाच्या, व्यापाऱ्याच्या, लोकल पकडणाऱ्या माणसाच्या कामानं.

आणि एक गोष्ट गेम कधीच दाखवत नाही. तिथं जमीन रिकामी असते. नवी मुंबईत नव्हती. तिथं भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळी माणसं होती. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आपण गेममध्ये बोटानं रेघ ओढतो ना, त्या रेघेखाली कोणाचा तरी सात-बारा असतो.

आता आमच्या बाबांच्या प्लॉटकडं येऊ.

काही वर्षांपूर्वी हायवेच्या बाजूला एका शेताचं लेआउट पडलं. मुरमाचे रस्ते, सिमेंटचे खुंट, एक कमान. विकणारा सांगत होता, ‘साहेब, हायवे आहे, पाच वर्षांत इथं शहर होते.’ बाबांनी कापसाच्या दोन वर्षांच्या पैशातून एक प्लॉट घेतला. माझ्या नावानं.

या दिवाळीत बाबा म्हणाले, “तू थोडं लोन काढ. आपण तिथं चार खोल्या बांधू, भाड्यानं देऊ. रिकामा पडून काय फायदा?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून गेलो आणि मोजून आलो. प्लॉट 62. घरं 5. दोन शिक्षकांची, एक एसटीतल्या माणसाचं, एक बँकेत आहे त्याचं, एक रिटायर्ड तलाठ्याचं. पाचही घरात महिन्याचा पगार किंवा पेन्शन. बाकीचे 57 आमच्यासारखे. घेऊन ठेवलेत, पोरगं पुण्यात किंवा हैदराबादला.

घरी येऊन मी बाबांना मोबाइलवर गेम दाखवला. बार दाखवले, 100 माणसं आणि 80 कामं सांगितलं. म्हटलं, बाबा, भाडेकरू येणार कुठून? इथून माणसं बाहेर चाललीत. मला फार शहाणा झाल्यासारखं वाटत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरं. घर नको बांधू. मग काय बांधू ते सांग.”

मंडळी, माझ्याकडं उत्तर नव्हतं. गेममध्ये मी पिवळा रंग उचलून कारखाना टाकला असता. इथं कारखाना कोण टाकणार? आमच्या भागातला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि शर्ट होऊन परत येतो. त्या मधल्या प्रवासातलं काम इथं राहिलं, तर 57 पैकी काही प्लॉटवर दिवा लागेल. पण ते एका प्लॉटवाल्याच्या हातात नाही, आणि एका बीटेकवाल्याच्याही नाही.

आई भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “तुझ्या हिशोबात गेलेली माणसं मोजतात ना? मग तू त्यातच आहेस नं रे.”

खरं आहे. सूत्रातल्या त्या उणे वीसमध्ये एक मी आहे.

लोन मी काढलं नाही. प्लॉट विकलाही नाही. बाबांनी शेजारच्या चार प्लॉटवाल्यांना विचारून खुंटांच्या मधात तूर पेरायचं ठरवलंय. पुढच्या वर्षी डाळ तरी घरची होईल. आणि मी सध्या एवढंच बघतोय की माझं काम महिन्यातले किती दिवस केळापुरातून होऊ शकतं. मॅनेजरशी बोलणं चालू आहे. झालं तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये मागं गाईचं हंबरणं ऐकू येईल, सांभाळून घ्या.

तुमच्यासाठी दोन कामं. गेम खेळत असाल तर आज एक नवं शहर सुरू करा आणि घरं देण्याआधी कामाची जागा द्या, मग हिरवा बार कसा वागतो ते बघा. आणि गावी गेलात की तुमच्याकडच्या एखाद्या लेआउटमधली घरं मोजा. त्या घरांत पगार कुठून येतो तेही विचारा. प्लॉट किती, घरं किती, पगार कुठला, एवढं व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या वेळी आपण ते सगळ्यांना ऐकवू.

चला, भेटू. काळजी घ्या.